कढीपत्त्याच्या डब्यातल्या बहिणी

नागपंचमीच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास शेजारच्या काकूंनी गच्चीवरून हाक मारली. "अगं, लवकर ये वर. ती लाल ठिपक्यांची परत आलीय."

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर काकूंची बाग आहे. तुळस, गवती चहा, दोन जास्वंदी आणि रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात लावलेला कढीपत्ता, आता माझ्या खांद्याएवढा झालेला. मी पोचले तेव्हा एक काळं फुलपाखरू त्या झाडाभोवती थरथरत होतं. मागच्या पंखांच्या मधोमध पांढरे ठसे, कडेला गुलाबी-लाल चंद्रकोरी. कोवळ्या पानावर क्षणभर टेकायचं, पोटाचं टोक वाकवायचं आणि पुढच्या पानावर जायचं. जिथं टेकलं तिथं मोहरीहून लहान, फिकट पिवळा मणी.

दुसऱ्या मजल्यावरची सई बारावीला आहे, जीवशास्त्राच्या शंका घेऊन माझ्याकडे येते. तिने मोबाइलवर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: 'कॉमन रोझ कढीपत्त्यावर अंडी घालताना.' या प्रकरणाची गाठ त्या एका ओळीत आहे. कॉमन रोझची अळी कढीपत्ता खातच नाही. ती सापसन, कीडामार अशा ॲरिस्टोलोकिया वंशातल्या वनस्पतींवर वाढते. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. अंडी घालायला आलेली मादी पायांनी पान चाखते आणि पिल्लांच्या खाण्याचं असेल तरच अंडं सोडते. झाड ओळखण्यात फुलपाखरू सहसा फसत नाही. म्हणजे चूक नावात होती.

"पण मॅडम, पंख बघा ना, अगदी तेच आहेत," सई म्हणाली. फोटो मोठा करून पाहिला. पंख खरंच तसेच होते. पण कॉमन रोझचं डोकं आणि पोटाचं टोक लालभडक असतं आणि या मादीचं अंग काजळासारखं काळं होतं. ही कॉमन मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटिस. पुण्यात जिथं लिंबू, बेल किंवा कढीपत्ता आहे तिथं हे फुलपाखरू फिरकतंच. नर काळा, मागच्या पंखांवर पिवळसर ठिपक्यांचा आडवा पट्टा. मादी मात्र एका साच्यातली नाही. एक नरासारखीच दिसते, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझ नावाच्या आणखी एका फुलपाखरासारखी. ही दोन्ही रोझ पक्ष्यांना विषारी, मॉरमॉन तशी नाही. अभ्यासक त्यांना सायरस, स्टिकियस आणि रॉम्युलस अशी नावं देतात. आमच्या गच्चीवरची स्टिकियस होती.

सईची चूक फार जुनी आहे. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली याच जातीच्या नराला पॅपिलिओ पॅमॉन आणि मादीला पॅपिलिओ पॉलिटिस अशी दोन निरनिराळ्या जातींची नावं दिली. रॉम्युलस मादीलाही आधी स्वतंत्र जात मानलं गेलं. या सगळ्या एकाच घरच्या आहेत हे नीट मांडलं ते निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेसने, १८६५ मध्ये. 'मॉरमॉन' हे नावही त्यातूनच पडलं. एका नराच्या तीन तऱ्हेच्या बायका, म्हणून पूर्वी अनेक बायका करणाऱ्या अमेरिकेतल्या पंथाचं नाव. मला हे नाव पटत नाही. ते सगळं नवऱ्याच्या बाजूने मोजतं. खरी गोष्ट आईची आणि मुलींची आहे, आणि ती आम्हाला रंगाच्या त्या डब्यात पाहायला मिळाली.

मादी उडून गेल्यावर अंडं असलेल्या प्रत्येक पानाच्या देठाला आम्ही शिवणाचा लाल दोरा बांधला. अकरा दोरे झाले. काकू आधी नाखूश होत्या. "सगळी पानं खाऊन टाकतील. मग आमटीला फोडणी कशाची देऊ?" शेवटी एक फांदी त्यांच्या स्वयंपाकाची आणि बाकीचं झाड अळ्यांचं, असं ठरलं.

चौथ्या दिवशी अळ्या बाहेर आल्या. दोन अंड्यांतून काहीच निघालं नाही. लहानपणीची ही अळी म्हणजे हुबेहूब चिमणीची शिट: काळपट तपकिरी, मधे पांढरा ओघळ, वर ओलसर चकाकी. पानाच्या वरच्या बाजूला, अगदी उघड्यावर बसलेली. सईने दोनदा ती शिटच समजून पान बाजूला सारलं. पण शिटेचं रूप लहान अंगालाच शोभतं. बोटाएवढ्या लांब शिटेवर कोणता पक्षी विश्वास ठेवील? शेवटची कात टाकून अळी बाहेर येते ती पानासारखी हिरवी, बगलेवर तिरका तपकिरी पट्टा घेऊन. त्या सकाळी काकू म्हणाल्या, "जुन्या गेल्या वाटतं, या नवीन आल्या."

हा बदल कसा होतो हे जपानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. या फुलपाखराच्या भावकीतल्या पॅपिलिओ झुथस या जातीवर तो प्रयोग झाला. अळीच्या शरीरात बालपण टिकवणारं एक संप्रेरक असतं. वाढीच्या ठरावीक टप्प्यावर ते ओसरतं आणि पुढची कात हिरवी येते. त्या वेळी बाहेरून ते संप्रेरक दिलं, तर अळी मोठी होऊनही शिटेच्याच रंगात राहते. एका जीवाच्या अंगात दोन वेशांचा मजकूर लिहिलेला असतो, आणि कोणतं पान कधी उलटायचं ते हे संप्रेरक ठरवतं.

काकूंनी एकदा हिरव्या अळीला बोट लावलं. डोक्यामागून झटकन लाल रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर आलं आणि आंबूस, उग्र वास पसरला. दोन श्वासांत ते पुन्हा आत गेलं. एरवी हा लाल रंग दिसतच नाही. लपणं फसलं तरच तो बाहेर येतो.

याच आठवड्यात एक वाईट गोष्ट घडली आणि ती माझ्या हातून घडली. पानं कमी पडायला लागली म्हणून मी शहरातल्या एका रोपवाटिकेतून कढीपत्त्याचं नवीन रोप आणलं. "झाडावर काही मारलेलं नाही ना?" असं विचारलं होतं, "नाही" असं उत्तर मिळालं होतं. दोन अळ्या त्या रोपावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही देठाला लोंबकळत होत्या, तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. दुपारपर्यंत मेल्या. विकत आणलेलं रोप धुऊन, काही आठवडे वेगळं ठेवून, नवी पालवी फुटल्यावरच अळ्यांना द्यायचं असतं. हे मला माहीत होतं, तरी घाई केली. हा प्रयोग कुणी घरी करणार असेल तर एवढी काळजी जरूर घ्या.

एक अळी दिसेनाशी झाली. त्या दिवशी कठड्यावर बुलबुल बसलेला काकूंनी पाहिला होता. उरलेल्या सहांनी कोष केले. चार झाडावरच, हिरव्या देठांना रेशमाचा दोरा कमरेभोवती घेऊन, आणि ते चारही कोष हिरवे. दोन अळ्या उतरून सिमेंटच्या खरखरीत कठड्यावर गेल्या. त्यांचे कोष वाळक्या काटकीसारखे भुरे. आई एक, खाणं एक, वय एक, तरी रंग दोन. हा फरक जन्मजात नसतो. अळी जिथं टेकते तिथला पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, यासारख्या खुणांवरून कोषाचा रंग तिथंच, त्या शेवटच्या रात्री ठरतो. सईला वाटलं होतं की पंखांचं कोडंही असंच सुटेल, म्हणजे जागा बदलली की रूप बदलत असेल. तसं नव्हतं.

ऋषिपंचमीला पहिलं फुलपाखरू बाहेर आलं. पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले, मग तासाभरात ताणले गेले: पांढरे ठसे, लाल चंद्रकोरी. आईचीच प्रतिमा. पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन आली. त्यांतली दोन पिवळसर पट्ट्याची, एक पुन्हा आईसारखी. एका भुऱ्या कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या. त्यांच्या आईने कोष मऊ असतानाच आत अंडी घातली असणार. "मुली आईवर गेल्या, मुलगे बापावर," काकू म्हणाल्या. इथवर ते बरोबरही होतं.

पाचवं फुलपाखरू गौरीपूजनाच्या दिवशी निघालं. पिवळसर पट्टा, म्हणजे तिसरा नर, असं मी वहीत लिहूनही टाकलं. सई भिंग घेऊन त्याच्या पोटाच्या टोकाशी बराच वेळ रेंगाळली. नराच्या टोकाला चिमट्याच्या पात्यांसारख्या दोन झडपा असतात, मिलनाच्या वेळी मादीला धरायला. इथं त्या नव्हत्या. पोटही भरलेलं, जाड. "मॅडम, ही मुलगी आहे." मी भिंग घेऊन पाहिलं आणि वहीतली ओळ खोडली. खाली काकूंच्या घरात ज्येष्ठा-कनिष्ठा शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकाच साच्यातून काढल्यासारखे मुखवटे. वर त्यांच्या डब्यात सख्ख्या बहिणी निघाल्या त्या मात्र दोन जातींच्या वाटाव्यात अशा.

आईबापाकडून मुलांना काय काय मिळू शकतं ते दाखवणारी चौकट सईने तिथंच पाटीवर आखली. स्टिकियसची नक्षी देणारं जनुकाचं रूप प्रभावी असतं, म्हणजे एकच मिळालं तरी मादीत दिसतं. त्याला आपण मोठा एच म्हणू. नरासारखं रूप देणारं अप्रभावी, तो लहान एच. आई स्टिकियस होती, म्हणजे तिच्याकडे निदान एक मोठा एच. पण नरासारखी मुलगी व्हायला दोन्ही लहान एच लागतात आणि त्यातला एक आईकडूनच यायला हवा. एका मुलीच्या पंखांवरून आईचा गुप्त वाटा कळला: ती मिश्र होती, एक मोठा एच आणि एक लहान. बापाबद्दल मात्र सांगता येत नाही. त्याच्याकडे निदान एक लहान एच होता, एवढंच. नर मोठा एच अंगात घेऊन फिरला तरी त्याच्या पंखांवर तो दिसत नाही. उडून गेलेल्या त्या दोन भावांपैकी एखादा आईचं लाल ठिपक्यांचं रूप नातीपर्यंत नेईल आणि स्वतः कधी दाखवणार नाही. पाच फुलपाखरांवरून प्रमाण काढायचं नसतं, ते आम्ही काढलंही नाही. पण आईच्या मिश्र असण्याला ती एक मुलगी पुरेशी आहे.

बारावीत ज्यांच्या नावाची चौकट आखतात त्या रेजिनाल्ड पनेट यांनी १९१५ मध्ये याच फुलपाखराबद्दल वाद उभा केला होता, हे मी सईला सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. पहिल्या महायुद्धाच्या आधी सिलोनमध्ये फ्रायर नावाच्या संशोधकाने या जातीचे संकर करून पिढ्या वाढवल्या होत्या. मुलींची रूपं स्वच्छ वेगळी निघतात, मधलं काही निघत नाही, हे पाहून पनेट म्हणाले की हे साम्य एका उडीतच आलं असणार. जनुकशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये त्याला विरोध केला: आज एकच कळ दाबल्यासारखं रूप पालटत असेल, पण ते रूप घडताना लहान लहान बदल पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले असणार. पुढे बरीच वर्षं असं मानलं गेलं की ठिपके, पट्टा, रंग यांची निरनिराळी जनुकं एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने वारसात जात असावीत.

२०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात उत्तर दिलं. गठ्ठा नाही, एकच जनुक: डबलसेक्स. कीटकांत नर आणि मादी यांची शरीरं वेगळी घडवणारं हे जुनं जनुक. या फुलपाखरात त्याच्यावर आणखी एक काम येऊन पडलं. अनुकरण करणाऱ्या माद्यांमध्ये गुणसूत्राचा तो तुकडाच उलटा बसलेला असतो. त्यामुळे त्यात साठलेले अनेक बदल एकत्र राहतात, दुसऱ्या रूपाच्या बदलांत मिसळून फुटत नाहीत. जपानी संशोधकांनी कोषातल्या पंखात या जनुकाचं अनुकारी रूप दाबून टाकलं, तेव्हा तेवढ्या भागात नरासारखी नक्षी उमटली. माझ्या मते पनेट आणि फिशर दोघांच्याही हाती सत्याचा तुकडा होता: कळ एक आहे, पण ती कळ घडायला अनेक बदल लागले. आणि फक्त मुलीच का रूप पालटतात याचंही निम्मं उत्तर इथं आहे. हे जनुक नरात आणि मादीत मुळातच वेगळ्या तऱ्हेने वाचलं जातं.

फरक नुसता नक्षीचाही नाही. नराच्या आणि नरासारख्या दिसणाऱ्या सायरस मादीच्या पट्ट्यातलं पिवळसर द्रव्य अतिनील प्रकाशात उजळतं. स्टिकियसचा पांढरा तसा उजळत नाही, कॉमन रोझचाही नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे सोंगाडी आहे की ही! विषारी बाईचं सोंग घेऊन फिरते."

या शब्दापाशी मी थांबले, कारण वर्गात मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले आहे. फुलपाखरू सोंग घेतं, सरडा रंग बदलून फसवतो. मराठीत हे इतकं सहज येतं की त्यातली चूक कळत नाही. बहुरूपी सोंग घेतो तेव्हा त्याला माहीत असतं की आज पोलीस व्हायचंय. त्या डब्यातल्या तीन बहिणींपैकी कुणीही काही घेतलं नाही. दोघींना लाल चंद्रकोरी मिळाल्या, तिसरीला मिळाल्या नाहीत, कोष फुटायच्या कितीतरी आधी, आईबापाच्या वाटणीत. सोंग घेता आलं असतं तर तिसरीने का सोडलं असतं?

मग हे साम्य आलं कुठून? निसर्गअभ्यासक हेन्री वॉल्टर बेट्सने ॲमेझॉनच्या जंगलात अकरा वर्षं काढून १८६२ मध्ये जे मांडलं ते इथं तंतोतंत लागू पडतं. कॉमन रोझची अळी सापसन, कीडामार खाते आणि त्यातली विषारी द्रव्यं अंगात साठवते. मोठं झालेलं फुलपाखरूही बेचव, त्रासदायक. एखाद्या कोवळ्या वेड्या राघूने किंवा कोतवालाने ते एकदा चोचीत धरलं की काळा-पांढरा-लाल हा मेळ त्याच्या डोक्यात बसतो. कॉमन मॉरमॉन कढीपत्ता खाऊन वाढलेली, पक्ष्याला चविष्टच. तिच्या पणज्या-खापरपणज्यांपैकी ज्यांच्या पंखांवर चुकून थोडा लालसर डाग होता, त्यांच्यापुढे एखादा पक्षी क्षणभर कचरला, आणि त्या क्षणात त्या वाचून अंडी घालून गेल्या. पुढच्या पिढीत तो डाग जरा जास्त घरांत दिसला. ती नक्षी पक्ष्यांच्या आठवणीने काढली आहे. फुलपाखराच्या पंखावर बोट ठेवून आपण पाहतो तो पक्ष्याचा अनुभव असतो.

अंग मात्र काळंच राहिलं. मला वाटतं, उडत्या शिकारीच्या नजरेत आधी पंख भरतो. अंगाचा रंग तपासायला लागणारा वेळ सईकडे होता, कोतवालाकडे नसतो.

काकूंनी विचारलेला पुढचा प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारलाय. "एवढा फायदा आहे तर सगळ्याच का तशा होत नाहीत?" कारण हा फायदा खोट्या नाण्यासारखा आहे, थोडी असतील तोवरच चालतो. टेकडीवर विषारी रोझ दहा आणि चविष्ट नकला पन्नास झाल्या, तर पक्ष्याला लाल ठिपके म्हणजे बहुतेक वेळा चांगलं जेवण असाच अनुभव येईल. मग ठिपके वाचवणार नाहीत, उलट लांबून ओळखू येतील. नकला वाढल्या की साध्या बहिणीचं पारडं जड होतं, त्या घटल्या की पुन्हा ठिपकेवालीचं. म्हणून दोघीही टिकतात. जपानच्या दक्षिणेकडच्या र्‍यूक्यू बेटांवर कॉमन रोझ नव्याने येऊन स्थिरावल्यावर मॉरमॉनच्या ठिपकेवाल्या माद्यांचं प्रमाण वाढत गेलेलं नोंदलं गेलंय.

आणि नर? मादी अंड्यांनी जड असते, झुडपांशी रेंगाळते, पान पान चाखत संथ उडते. आमच्या गच्चीवर ती दहा मिनिटं एका झाडाभोवती होती, तेवढ्यात नर दोनदा येऊन बाणासारखा निघून गेला. पक्ष्याच्या तोंडी जाण्याचा धोका तिला जास्त, म्हणून रूपाचा उपयोगही तिला जास्त. शिवाय नराला आपल्या जातीच्या मादीने आणि दुसऱ्या नरांनी ओळखणं गरजेचं असतं, तेव्हा जुना वेश टाकणं त्याला महागात पडत असावं. या दुसऱ्या कारणावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. मला पहिलं जास्त वजनदार वाटतं.

ती शेवटची मुलगी उडाली त्या रविवारी आम्ही तिघी वेताळ टेकडीवर गेलो. काकूंना खरी कॉमन रोझ बघायची होती. खाणीच्या वाटेवर घाणेरीच्या फुलांवर एक सापडली. संथ, निवांत, जणू कुणाची पर्वा नाही. सई तिच्यामागे वाकून चालत राहिली आणि ओरडली, "आजी, लाल अंग! लाल अंग!" आम्ही दीड तास सापसन किंवा कीडामार कुठं दिसते का शोधलं. नाही मिळाली. कीडामार काळ्या मातीत, शेताच्या बांधांवर पसरते, आणि कोथरूडच्या आसपास बांध आता फारसे उरले नाहीत. उतरताना काकूंनी विचारलं, "ती वेल नसेल तर या लाल अंगाच्या राहणार कुठं? आणि त्या नसतील तर आपल्या डब्यातल्यांच्या ठिपक्यांना कोण भिणार?"

सापसनाची वेल ओळखीतल्या एका वैद्यांच्या बागेतून मिळाली. काकूंनी ती रंगाच्या दुसऱ्या डब्यात लावली आहे, कढीपत्त्यापासून चार हातांवर, सुतळीचा आधार देऊन. सई रोज पानांच्या खालची बाजू बघते. वेल आता कठड्याच्या वर गेली आहे. अंडं अजून एकही नाही.